डाऊन गावचे टपाल

परदेशी गेलेल्या माणसाने काय पाहावे, याचे एक अलिखित शास्त्र आपल्याकडे तयार झालेले आहे. लंडनला गेले की थेम्सवरचा पूल पाहावा, घड्याळाचा मनोरा पाहावा, कोहिनूर पाहून एक सुस्कारा टाकावा, मेणाच्या पुतळ्यांशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे आणि परतताना आळीतल्या मुलांना पुरतील एवढी चॉकलेटे आणावीत. हे शास्त्र मी यथासांग पाळले. पण त्याखेरीज एक पदरचा हट्टही पुरवून घेतला. लंडनच्या आग्नेयेला पंधरा-सोळा मैलांवर डाऊन नावाचे एक खेडे आहे. तिथले एक घर मला पाहायचे होते.

"मामा, तिथं आहे काय पाहण्यासारखं?" भाचीने विचारले. लंडनमध्ये माझा मुक्काम तिच्याकडेच होता.

"तिथं एक माणूस चाळीस वर्षं पत्रं लिहीत बसला होता."

"म्हणजे पोस्टमास्तर?"

"नव्हे गं. डार्विन."

ती हसली. डार्विन म्हटले की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे एक लांब दाढी आणि एक माकड उभे राहते. माझ्याही डोळ्यांपुढे बरीच वर्षे तेवढेच होते. मराठीच्या अध्यापकाचा आणि उत्क्रांतिवादाचा संबंध तो काय असायचा! पण महाविद्यालयात पत्रवाङ्मय शिकवायचे माझ्या वाट्याला आले, आणि निरनिराळ्या लोकांची पत्रे वाचता वाचता मी एके दिवशी चार्ल्स डार्विन आणि जोसेफ हूकर यांच्या पत्रव्यवहारापाशी येऊन पोहोचलो. तो मग काही सुटेना. चाळीस वर्षांत या दोघांनी एकमेकांना लिहिलेली सुमारे चौदाशे पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत बिया आहेत, बेटे आहेत, आजारपणे आहेत, बारशी आहेत, मुलांचे मृत्यू आहेत. आणि या सगळ्यातून, कुंडीतले रोप वाढावे तसा, जगाला हादरवून सोडणारा एक विचार हळूहळू वाढताना दिसतो.

ब्रॉम्लीपर्यंत आगगाडी आणि तिथून पुढे बस, असा प्रवास आहे. बस शहराची वस्ती मागे टाकते आणि मग दोन्ही अंगांना कुंपणे असलेल्या इतक्या अरुंद रस्त्याला लागते की समोरून मोटार आली तर एकाला मागे सरकावेच लागते. गाव म्हणजे एक दगडी चर्च, एक-दोन पथिकालये आणि थोडी घरे. गावाच्या नावाचे स्पेलिंग पुढे थोडे बदलले, पण घराने मात्र जुनेच ठेवले. चर्चपासून दहा मिनिटे चालत गेले की डाऊन हाऊस येते. पांढऱ्या भिंतींचे, वेलींनी धरलेले, ऐसपैस घर. वाडा म्हणावा इतके ऐटबाज नाही. आपल्याकडच्या एखाद्या सधन वकिलाचा गावाबाहेरचा बंगला असावा, तसे.

१८४२ च्या सप्टेंबरात डार्विन इथे राहायला आला तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता. 'बीगल' जहाजावरची पाच वर्षांची पृथ्वीप्रदक्षिणा १८३६ मध्येच संपली होती. त्यानंतर हा माणूस पुन्हा कधी परदेशी गेला नाही. प्रकृती तोळामासा, मळमळ, चक्कर, धडधड पाठीस लागलेली. १९ एप्रिल १८८२ रोजी याच घरात त्याने देह ठेवला. चाळीस वर्षे एका खेड्यात राहून त्याने सारे जग घरी बोलावून घेतले, ते टपालाने. योगही असा की १८४० पासून इंग्लंडात पेनीचे टपाल सुरू झाले होते. त्याआधी पत्राचे शुल्क अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा ते पत्र घेणाऱ्यालाच भरावे लागे. आता एका पेनीच्या तिकिटात अर्ध्या औंसाचे पत्र देशात कुठेही जाऊ लागले. उत्क्रांतिवादाच्या इतिहासात या पेनीचा वाटा लहान नाही.

घराची व्यवस्था १९९६ पासून इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहे. तळमजल्यावर डार्विनची अभ्यासिका तशीच मांडून ठेवलेली आहे. उंच पाठीची खुर्ची, तिच्या पायांना चाके. तिच्या हातांवर एक फळी आडवी टाकून तो लिहायचा. सभोवार कप्पे, बाटल्या, पेट्या, पुस्तके. एका कोपऱ्यात पडद्याआड हात धुण्याची आणि प्रकृती बिघडली तर आडोशाची सोय. खुर्चीसमोर उभा राहिलो तेव्हा मनात आले, की हे टेबल-खुर्चीचे लिखाण नव्हते, मांडीवरचे लिखाण होते. आपल्याकडचे जुने कारकून उतरत्या डेस्कापुढे बसून लिहीत, त्यांच्याशी याचे नाते अधिक जवळचे.

त्याचा दिनक्रम त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, लिहून ठेवला आहे. सकाळी आठ ते साडेनऊ काम. मग टपाल. कोचावर पडून घरगुती पत्रे वाचून घ्यायची. पुन्हा बारापर्यंत काम, मग फेरफटका, जेवण, वर्तमानपत्र आणि मग पत्रोत्तरे. पत्र शहाण्याचे असो वा खुळ्याचे, त्याला उत्तर हे जायचेच. न गेल्यास त्याच्या मनाला टोचणी लागे. नसत्या चौकश्या करणाऱ्यांसाठी त्याने एकदा छापील उत्तर करून घेतले होते. ते त्याने जवळजवळ कधीच वापरले नाही.

एक गोष्ट मात्र वाचून जीव हळहळतो. सुरुवातीच्या वर्षांत आलेली पत्रे तो लोखंडी सळ्यांना टोचून ठेवी. आपल्याकडे दुकानात पावत्या टोचलेल्या असतात ना, तशीच ती तऱ्हा. सळ्या भरल्या की जुनी पत्रे जाळायची आणि सळ्या मोकळ्या करायच्या. १८६२ च्या सुमारास ही पद्धत बंद झाली. त्यामुळे त्याआधी त्याला आलेल्या पत्रांपैकी कितीतरी आज नाहीत. त्याने लिहिलेली मात्र इतरांनी जपून ठेवली. विचार ज्याच्याकडे त्याची पत्रे मित्रांकडे, असा हा प्रकार.

या मित्रांत पहिला मान हूकरचा. जोसेफ डाल्टन हूकर डार्विनहून आठ वर्षांनी लहान. जन्म १८१७ चा. डार्विनचे प्रवासवर्णन छापून होत असताना त्याची मुद्रिते हूकरला वाचायला मिळाली. तेव्हा तो परीक्षेच्या धामधुमीत होता. ती उशाखाली ठेवून तो झोपे, म्हणजे जाग आल्याबरोबर वाचता येतील. पुढे १८३९ ते १८४३ तो स्वतःच दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर जाऊन आला. परतल्यावर डार्विनने त्याला पत्र घातले आणि गॅलापागोस बेटांवरून आणलेल्या आपल्या वाळक्या वनस्पती त्याच्याकडे तपासायला सोपवल्या. एकेका बेटाची वनस्पती वेगवेगळी निघते, हे हूकरने ताडून दाखवले.

आणि मग ११ जानेवारी १८४४ चे ते पत्र. इकडच्या तिकडच्या वनस्पतींची चौकशी करता करता मध्येच डार्विन लिहून जातो, की प्रजाती अचल नाहीत अशी माझी जवळजवळ खात्री होत चालली आहे. आणि हे सांगताना खुनाची कबुली दिल्यासारखे वाटते आहे. ज्या काळात प्रत्येक जीवजात ईश्वराने स्वतंत्र घडवली, ही धर्माची आणि शास्त्राचीही मान्यता होती, त्या काळात हे बोलणे सोपे नव्हते. चर्चपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या, बायको श्रद्धाळू असलेल्या गृहस्थाला तर नव्हतेच.

हूकरचे उत्तर काय यावे? तो दचकला नाही आणि भारावलाही नाही. बदल होत असेलही, तो कसा होतो याविषयी तुमचे मत ऐकायला मला आवडेल, कारण आजवरच्या कोणत्याही मताने माझे समाधान झालेले नाही, अशा अर्थाचे त्याने लिहिले. मला वाटते, मैत्रीचा पाया त्या दिवशी पडला. डार्विनला होकार देणारा भक्त नको होता. खुनाची कबुली ऐकूनही खुर्ची पुढे सरकवणारा माणूस हवा होता.

हूकर पुढे चौदा-पंधरा वर्षे शंकाच काढत राहिला. प्रजातींच्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार, ज्याने पुष्कळ प्रजाती स्वतः बारकाईने तपासल्या आहेत त्यालाच, असे १८४५ मध्ये तो एका तिसऱ्याच लेखकाला उद्देशून लिहून गेला. डार्विनने तो बाण आपल्या छातीवर घेतला. त्यानंतर त्याने समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नेकल नावाच्या प्राण्यांचा अभ्यास आरंभला. १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे त्यात गेली. मित्राच्या एका वाक्याखातर एवढी तपश्चर्या करणारा माणूस विरळाच.

* * *

घरामागच्या बागेत आले की या पत्रांना माती लागलेली दिसते. हिरवळ, फुलांचे वाफे, पलीकडे भाजीची बाग आणि तिच्या कडेला काचघर. १८५५ साली डार्विनच्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. दूरच्या बेटांवर वनस्पती पोहोचल्या कशा? कित्येक शास्त्रज्ञ सरळ म्हणत, पूर्वी मध्ये जमीन असेल, ती बुडाली. प्रत्येक अडचणीच्या वेळी एक खंड बुडवायचे, ही युक्ती डार्विनला पटेना. त्याने खारे पाणी कालवून बाटल्या भरल्या आणि त्यात मुळा, कोबी, गाजर, कांदा, सॅलड असल्या बिया भिजत घातल्या.

बिया आठवड्याभरात मरतील, असा हूकरचा अंदाज होता. मग काय, घरातल्या मुलांना चेव आला. आज आपण डॉक्टर हूकरना हरवणार का, असे ती बापाला विचारू लागली. बापानेही हे कौतुकाने हूकरला कळवून टाकले. एकंदर ८७ जातींच्या बिया बुडवल्या, त्यांपैकी ६४ जातींच्या बिया २८ दिवसांनंतरही रुजल्या. काही तर १३७ दिवस टिकल्या. मुलांनी हूकरना हरवले! पण विजयाची पताका फडकते न फडकते तोच लक्षात आले, की बिया खाऱ्या पाण्यात जगतात खऱ्या, पण तरंगत नाहीत, बुडतात. बुडालेले बी बेटावर पोहोचणार कसे? मग वाळलेल्या फांद्या फळांसकट पाण्यात टाकून पाहिल्या. वाळल्यावर त्या अधिक दिवस तरंगतात, असे दिसले. मग पाखरांच्या विष्ठेतल्या बिया रुजवल्या. मग एका तळ्याकाठचा तीन मोठे चमचे चिखल आणून न्याहारीच्या पेल्यात झाकून ठेवला, आणि सहा महिन्यांत त्यातून एकामागून एक उगवलेली ५३७ रोपे उपटून मोजली.

वाचकहो, हा सगळा उद्योग कोणत्याही प्रयोगशाळेत झालेला नाही. तो बरण्या, बाटल्या आणि पेले यांवर झाला. घरात तेव्हा काय सूर उमटत असतील, याची कल्पना गृहिणींनीच करावी. एकदा तर जमीन तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद खणून मोकळी ठेवली, आणि उगवेल त्या प्रत्येक तणाची खूण ठेवली. ३५७ उगवली, त्यांतली २९५ गोगलगायी आणि किडे यांनी फस्त केली. जगण्यासाठीची झुंज म्हणतात ती हीच. ती पाहायला आफ्रिकेच्या रानात जावे लागत नाही. हातरुमालाएवढ्या वाफ्यात ती चालू असते.

१८६३ मध्ये इथे उष्ण काचघर बांधले गेले. हूकर तोवर लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानात वडिलांच्या हाताखाली साहाय्यक संचालक झाला होता. त्याने क्यूहून झाडांची गाडी भरून पाठवली, आणि चोपन्न वर्षांचा डार्विन शाळकरी पोरासारखा हरखून त्या झाडांभोवती फिरत राहिला. आजही त्या काचघरात कीटकभक्षी वनस्पती आणि ऑर्किडे ठेवलेली आहेत. दवासारखे चिकट थेंब मिरवणारी ड्रॉसेरा पाहून मी थबकलो. ही तर आपल्या कासच्या पठारावरची दवबिंदू! जात वेगळी, पण कुळ तेच. पावसाळ्यात कासवर निळी चादर पसरणारी सीतेची आसवे, तीही कीटकभक्षीच. तिच्या वंशाच्या पाण्याखालच्या सापळ्यांवर डार्विनने १८७५ च्या आपल्या कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथात एक प्रकरण लिहिले आहे. सीतेच्या आसवांत किडे अडकतात, हे ऐकून आपल्या कवींना काय वाटेल ते वाटो.

ऑर्किडांची तर कथाच निराळी. १८६२ च्या जानेवारीत मादागास्करचे एक ऑर्किड डार्विनच्या हाती आले. चांदणीसारखे पांढरे फूल आणि त्याला जवळजवळ फूटभर लांबीची नळी. मध फक्त तिच्या तळाशी. हा मध शोषणारा कीटक असणार तरी केवढा, असे आश्चर्य त्याने हूकरपाशी व्यक्त केले, आणि पुस्तकात भाकीत केले की एवढ्याच लांब सोंडेचा पतंग मादागास्करात असलाच पाहिजे. लोक हसले. १९०३ मध्ये, डार्विन जाऊन एकवीस वर्षे झाल्यावर, तो पतंग शास्त्रज्ञांनी वर्णन करून जगापुढे ठेवला.

बागेच्या टोकाला ती सुप्रसिद्ध वाळूची वाट आहे. झाडीच्या पट्ट्याभोवती एक फेरा घालून ती परत येते. डार्विन रोज इथे ठरलेल्या फेऱ्या मारी. वळणावर गारगोट्या मांडायच्या आणि दर फेरीला एकेक काठीने किंवा पायाने बाजूला सारायची, म्हणजे विचारात मोजदाद चुकत नाही. आपली जपमाळच की ही! हूकर मुक्कामाला आला म्हणजे याच वाटेवर दोघे बोलत. न्याहारीनंतर अर्धा तास डार्विन आपल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या काढी आणि हूकरला पंपाने पाणी उपसावे तसा उपसून घेई.

* * *

या वाटेवर चालताना मला १८५८ सालचा जून महिना आठवत होता. १८ तारखेला मलाया द्वीपसमूहातून आल्फ्रेड रसेल वॉलेसचे टपाल आले. उघडून पाहतो तो काय, वीस वर्षे आपण ज्या सिद्धान्ताला जपले तोच सिद्धान्त, कोणाचेही साहाय्य नसलेल्या एका फिरत्या संग्राहकाने काही पानांत मांडून पाठवला आहे, आणि वर विनंती, की योग्य वाटल्यास हा लेख भूशास्त्रज्ञ लायेलना दाखवावा. डार्विनने तो त्याच दिवशी लायेलकडे धाडला. आता आपले म्हणून काही राहिले नाही, या दुःखापेक्षा, आपण घाईने काही छापले तर ते नीचपणाचे ठरेल, ही चिंता त्याला अधिक जाळत होती.

त्यातच घरात लाल पुरळाचा ताप शिरला. २८ जूनला धाकटे दीड वर्षांचे मूल गेले. दुसऱ्या दिवशी हूकरची निकड आली, कागद ताबडतोब पाठवा. खचलेल्या बापाने रात्री नोकराच्या हाती कागद पाठवून दिले. काय होते ते कागद? एक, १८४४ चा निबंध, जो हूकरने पूर्वीच वाचलेला होता. आणि दुसरे, अमेरिकेतल्या हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना ५ सप्टेंबर १८५७ रोजी पाठवलेल्या पत्राची प्रत. हूकरच्या पत्नीने त्यांतले उतारे नकलून दिले. १ जुलैला लिनियन सोसायटीच्या सभेत ते आणि वॉलेसचा लेख एकापाठोपाठ एक वाचले गेले. सभेत डार्विन नव्हता; तो मुलाला मूठमाती देत होता. वॉलेसही नव्हता, तो न्यू गिनीत होता आणि त्याला कोणी विचारलेलेही नव्हते.

मित्राला लिहिलेले खासगी पत्र हे विज्ञानाच्या दरबारात दस्तऐवज ठरले, ते असे. त्या पत्राची प्रत नसती तर? आणि वॉलेसची संमती न घेता त्याचा लेख डार्विनच्या मागून वाचणे न्यायाचे होते काय? यावर आजही वाद होतात, आणि व्हावेतही. मित्रांनी मित्राची बाजू सांभाळली, हे उघड आहे. पण वॉलेसने पुढे कधी कुरकुर केली नाही. १८८९ मध्ये त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला, त्याचे नावच त्याने 'डार्विनिझम' असे ठेवले. या हकिकतीत मोठेपणा कोणाचा शोधायचा झाला, तर तो मला टपाल पाठवणाऱ्यात अधिक सापडतो.

एसा ग्रे हा या पत्रमंडळातला तिसरा भिडू. हा निष्ठावान ख्रिस्ती. निसर्गाची निवड मान्य, पण तिच्यामागे ईश्वराची योजना आहे, हे त्याचे म्हणणे. डार्विनला ते पटेना. सुरवंटाच्या जिवंत देहात अंडी घालणारी माशी दयाळू ईश्वराने मुद्दाम कशी निर्माण केली असेल, असे त्याने १८६० मध्ये ग्रेला विचारले. आणि लगेच हेही लिहिले, की हा विषय माणसाच्या बुद्धीबाहेरचा आहे. मतभेद मिटला नाही. तरीही ग्रेने अमेरिकेत डार्विनची बाजू लढवली, आणि ग्रेचे ईश्वरवादी लेख इंग्लंडात पुस्तिकारूपाने छापण्याच्या खर्चाला डार्विनने हातभार लावला. न पटणाऱ्या मताच्या छपाईला पैसे देणे! आपल्याकडचे वाङ्मयीन वाद पाहिलेल्या मला तर हे वाक्य दोनदा वाचावे लागले. आणि याच ग्रेला १८७६ मध्ये डार्विनने आनंदाने कळवले, की बायकोबरोबरच्या रात्रीच्या सोंगट्यांच्या खेळात आजवर तिचे डाव २४९० आणि माझे २७९५! दिवाणखान्यात तो खेळ आणि एमाबाईंचा पियानो पाहिला तेव्हा, त्या बिचारीने किती डाव मुद्दाम सोडले असतील, असे माझ्या मनात येऊन गेले. याच पियानोवर गांडुळांच्या कुंड्या ठेवून त्यांना सूर कळतात की नाही याचीही परीक्षा झाली आहे.

मुलाबाळांचा वावर तर या पत्रांतून सतत जाणवतो. डार्विनच्या ग्रंथातील एका प्रकरणाचे हस्तलिखित हूकरकडे वाचायला गेले होते. ते चुकून हूकरबाईंच्या, मुलांनी चित्रे काढण्याच्या कागदांच्या खणात जाऊन पडले आणि चतुर्थांश पाने चित्रकलेच्या कामी आली! सुदैवाने डार्विनकडे जुना खर्डा होता. त्याच्या घरीही वेगळे काही नव्हते. 'ओरिजिन'च्या मूळ हस्तलिखितापैकी जी थोडी पाने उरली त्यांतल्या काहींच्या पाठीवर पोरांनी भाज्या आणि फळे यांची घनघोर लढाई रंगवलेली आहे.

आणि याच घरांवर घालेही पडले. डार्विनची लाडकी अ‍ॅनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली. १८६३ च्या सप्टेंबरात हूकरची सहा वर्षांची मुलगी गेली, तेव्हा तासाभराच्या आत त्याने लेखणी उचलली आणि डार्विनला लिहिले, की या दुःखात इतर कोणत्याही मित्रापेक्षा मला तुझीच आठवण होते आहे. बियांचे हिशेब लिहिलेल्या त्याच कागदांवर हे लिहिलेले आहे. ज्याच्याशी आपण वर्षानुवर्षे खरे बोललो, त्याच्यापाशीच रडता येते.

* * *

दुसऱ्या दिवशी मी क्यूला गेलो. भाचीही या खेपेला आपण होऊन बरोबर आली. तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या दरीत उभे राहिले की हूकरचा हिमालय आठवतो. १८४८ च्या जानेवारीत तो कलकत्त्याला उतरला आणि पुढे सिक्कीमच्या डोंगरांत हिंडला. १८४९ च्या अखेरीस सिक्कीमच्या दिवाणाने त्याला आणि दार्जिलिंगच्या कॅम्पबेल साहेबांना काही आठवडे अटकेतही ठेवले. तिथून त्याने पाठवलेल्या बियांनी इंग्लंडातल्या बागा लाल-गुलाबी होऊन गेल्या, आणि १८५४ चे त्याचे हिमालयाचे प्रवासवर्णन त्याने डार्विनला अर्पण केले. पण त्या उतारांवरून त्याचे गठ्ठे पाठीवर वाहणारे, झाडावर चढून फुले काढणारे लेपचा हमाल कोण होते? हूकरने त्यांच्याविषयी जिव्हाळ्याने लिहिले आहे. पण बागेतल्या पाटीवर जागा एकाच नावापुरती असते. ही पत्रे वाचताना हे विसरता येत नाही, आणि विसरूही नये.

भारताशी या टपालाचा आणखी एक धागा आहे. एडिंबरोच्या बागेत जॉन स्कॉट नावाचा एक माळी होता. १८६२ मध्ये त्याने डार्विनला लिहिले, की आपल्या ऑर्किडांच्या पुस्तकातले एक विधान चूक आहे. डार्विनने रागावण्याऐवजी त्याला मित्र केले, आणि १८६४ मध्ये त्याची नोकरी गेल्यावर स्वतःच्या खर्चाने त्याला हिंदुस्थानात धाडले. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानात त्याची सोय हूकरच्या शब्दाने झाली. त्याच स्कॉटने पाठवलेली, गांडुळांनी बाहेर टाकलेल्या मातीची मनोऱ्यासारखी ढेकळे डार्विनच्या १८८१ च्या शेवटच्या ग्रंथात चित्रासह आली आहेत. कलकत्त्याच्या गांडुळांची कीर्ती अशी इंग्लंडात पोहोचली.

डार्विनचा देह वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत आहे. खांदेकऱ्यांत हूकर होता, वॉलेसही होता. हूकर १९११ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारला आणि क्यूच्या हिरवळीवरील सेंट अ‍ॅनच्या चर्चच्या आवारात वडिलांशेजारी विसावला. पण या मैत्रीचे खरे स्मारक दगडाचे नाही. शेवटच्या दिवसांत डार्विनने हूकरला सांगितले होते, की जगातल्या सर्व फुलझाडांच्या नावांची एक संपूर्ण सूची व्हावी, खर्च मी देतो. ती 'इंडेक्स क्यूएन्सिस' या नावाने १८९३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. आज ती संगणकावर आली आहे आणि कोणालाही पाहता येते. डार्विनची सगळी पत्रेही, सुमारे पंधरा हजार, अशाच रीतीने तीस खंडांत आणि संगणकावर खुली झाली आहेत. त्यांच्या संपादनाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले आणि ते करणाऱ्यांपैकी कित्येकांची उमेद त्यात सरली.

क्यूच्या बागेतल्या बाकावर बसून मी भाचीला ती सूची उघडायला सांगितली.

"कोणतं झाड बघू, मामा?"

"सोनकी बघ."

सोनकी ठाऊक नाही असा सह्याद्रीत हिंडणारा माणूस नाही. भाद्रपद-आश्विनात गडांचे उतार पिवळेधमक करून टाकते ती. आमच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून तिचे शास्त्रीय नाव मी लिहून आणले होते. नाव मिळाले: सेनेसिओ ग्रॅहॅमी, नाव देणारा, हूकर. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वनस्पतींचे सात खंड त्याने १८९७ पर्यंत पुरे केले, त्यांतले हे नाव. नामकरणाच्या नियमांमुळे पुढे ते बदलून सेनेसिओ बॉम्बेएन्सिस झाले.

"आणि हा ग्रॅहॅम कोण?"

जॉन ग्रॅहॅमने मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची तयार केली. ती १८३९ साली छापली गेली आणि त्याच साली, ऐन चौतिशीत, तो खंडाळ्याला वारला. पोटापाण्यासाठी तो मुंबईत टपालखात्यात होता. डेप्युटी पोस्टमास्तर जनरल.

"म्हणजे पोस्टमास्तर निघालाच की शेवटी!" भाची म्हणाली.

सूची बंद करून आम्ही उठलो. दरीतल्या ऱ्होडोडेंड्रॉनचा बहर ओसरत आला होता. वाटेवर पाकळ्यांचा सडा पडला होता. भाचीने त्यांतली एक उचलून पाकिटात जपून ठेवली. आईला पाठवीन म्हणाली, पत्रात घालून.